गांगुर्डेचा फोटो बारा आणे धरायचा

कॅमेऱ्यातली फिल्म बनवणाऱ्या कंपन्या सर्व्हे कशाला करतात, याचं विंचूरच्या फोटोग्राफर सावळीराम शेजवळचं उत्तर ठरलेलं होतं. "बोकडाला विचारून घेतात, बाबा रे, तुला काळा मसाला चालेल का लाल? कापायचं ते आधीच ठरलेलं असतं." हे तो कंपनीनं घेतलेल्या हॉटेलात, कंपनीच्याच खर्चाचं पनीर दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणायचा, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे. जिल्ह्यातले झाडून सगळे फोटोग्राफर सर्व्हेच्या बैठकीला यायचे ते जेवायला, आणि जाताना कंपनीचं नाव छापलेली बॅग मिळते म्हणून. मनापासून येणारा त्यात एकच होता. नाशिकरोडचा यादव गांगुर्डे. आपण बोललो की वर कुणीतरी ऐकतं, असं त्याला खरोखर वाटायचं. वाईट असं की एकदा खरंच ऐकलं.

ती बैठक शहाण्णव साली आग्रा रोडवरच्या एका हॉटेलात झाली. कंपनीचा माणूस दिनेश कुलथे तेव्हा नवा होता, हातात माइक आला की घाम पुसायचा. "तुमच्या मनातली फिल्म कशी असावी, मोकळेपणानं सांगा," असं त्यानं म्हटलं आणि मग काय, लग्नाच्या पंगतीत जिलबी आल्यासारखी सगळ्यांना जाग आली. कुणाला छत्तीसच्या रोलमध्ये चाळीस फोटो बसायला हवे होते. मालेगावचा एकजण म्हणाला, ट्यूबलाइटखाली नवरानवरी हिरवी येतात, त्याचं काहीतरी बघा. चांदवडच्या फोटोग्राफरला गरमी सोसणारी फिल्म पाहिजे होती, कारण मे महिन्यातली लग्नं आणि रोल स्कूटरच्या डिकीत. सावळीराम म्हणाला, फुकट द्या, आमची काही तक्रार नाही.

यादव शेवटी उठला. "साहेब, बाकीचं राहू द्या. चेहरा उजळ येईल अशी फिल्म काढा. गिऱ्हाईक दुसरं काही मागतच नाही."

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. त्याच्या आधी जे बोलले होते त्यांनीही वाजवल्या, कारण खरं गाऱ्हाणं तेच होतं. पेठ-सुरगाण्याकडची लग्नं काढली की ग्रुप फोटोत पांढरे सदरे तेवढे दिसायचे, चेहऱ्यांच्या जागी नुसती भोकं. आणि स्थळाच्या फोटोचं तर विचारूच नका. मुलीला घेऊन आई स्टुडिओत यायची ती पायरीवरच सांगायची, "जरा बघून काढा हं भाऊ." त्या 'बघून'चा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला कळतो. मराठा असोत, माळी असोत, बामण असोत, वंजारी असोत नाहीतर यादवच्या स्वतःच्या कॉलनीतले जयभीमवाले असोत, एरवी एकमेकांच्या ताटाला शिवणार नाहीत, पण मुलीच्या रंगाच्या बाबतीत सगळे एकाच पंगतीला बसलेले.

दीडदोन वर्षांनी फिल्म आली. खरोखर आली. तिच्यात चेहरा असा यायचा की सावळी मुलगी गव्हाळ दिसावी आणि गव्हाळ मुलगी दुधात धुतल्यासारखी. त्या दिवशी सावळीराम शेजवळ आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला. आणि यादव महिनाभर जमिनीवर नव्हता. "आपण सांगितलं, त्यांनी केलं," असं येईल त्याला सांगायचा, जणू कारखान्यात जाऊन फिल्मला लेप यानंच दिला होता.

नुसत्या फिल्मवर भागवणाऱ्यातला तो नव्हता. मुळात हात चांगला. दोन्ही छत्र्यांचे दिवे पुरते उघडायचा, लेन्स जरूरीपेक्षा जास्त मोकळी ठेवायचा, आणि लॅबमध्ये ऑपरेटरच्या पाठीशी उभा राहून "डेन्सिटी कमी कर, अजून कमी कर" म्हणत राहायचा; डेन्सिटी उतरली की प्रिंट फिकी, चेहरा उजळ. सावळ्या मुलींना त्याची एक खास सूचना असे. "ताई, ओठ मिटून हसा. दात दिसले की चेहरा अजून काळा वाटतो." मुली मुकाट्यानं ओठ मिटायच्या. दुकानावर त्यानं पाटी लावली, 'स्थळाचे फोटो खात्रीशीर काढून मिळतील', आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का मारायचा, गांगुर्डे फोटो स्टुडिओ, नाशिकरोड. नाव झालं. येवल्यापासून इगतपुरीपर्यंतच्या मुली त्याच्याकडे फोटो काढायला यायला लागल्या.

पण नाव होतं तेव्हा ते दोन्ही बाजूंनी होतं. मुलींचे फोटो काढायला जसे लोक यायचे, तसेच ते फोटो बघून मुली ठरवणारेही लोक होतेच ना. त्यांनी आपला हिशोब बसवला. फोटो हातात आला की आधी उलटा करून शिक्का बघायचा. गांगुर्डेचा असला तर बारा आणे धरायचा. मुलगी सोळा आणे दिसली तर बारा आणे समजायची, बारा आणे दिसली तर आठ. सोयरिकी जुळवणारी माणसं हे एकमेकांना हसत हसत सांगायची. जिल्ह्याला हे माहीत होतं, फक्त यादवला नव्हतं. पानवाल्याच्या चुन्याबद्दल पानवाल्यालाच कोण सांगणार?

यादवला तृप्ती ही एकच मुलगी. रंगानं थेट आपल्या आजीवर, शकुबाईवर गेलेली. शकुबाई काळी होती, पण कशी, तर तापवून तेल पाजलेल्या तव्यासारखी, घासून घ्यावी तशी चमक. मोठी देखणी बाई. तृप्तीत ते सगळं उतरलं होतं, वर बापाचे मोठे डोळे. ती शिकून सातपूरच्या एका शाळेत शिकवायला लागली आणि घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला, तसा यादवनं तिला रीतसर स्टुडिओत बसवलं. तीच फिल्म, तेच दिवे.

फोटो धुऊन आला. त्यात एक राखेच्या रंगाची मुलगी होती. डोळ्यांखाली जांभळट, कपाळावर पीठ सांडल्यासारखं. इतरांच्या मुलींचे असे शेकडो फोटो त्यानं हसतमुखानं पाकिटात घालून दिले होते आणि त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आपल्या मुलीचा मात्र त्याला पाकिटात घालवेना. तृप्तीनं फोटो हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि म्हणाली, "पप्पा, ही बाई आजारी आहे का हो?"

त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं. आपली पोरगी आहे तशीच लोकांपुढे जाईल. जो हो म्हणेल तो तिला बघून म्हणेल. बायकोला, मीनाला, त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लोकांच्या मुलींच्या वेळी नाही सुचलं हे." मीना कमी बोलायची, पण बोलली की असं.

दोन हजार दोनमध्ये कंपनीनं परत सर्व्हे काढला. हॉटेल तेच, पनीर तेच, दिनेश कुलथेला आता टाय आला होता आणि घाम येत नव्हता. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली, कोणत्या भागात कोणती फिल्म किती खपते. मग तोच प्रश्न, मनातली फिल्म. यादव या वेळी सगळ्यात आधी उठला.

"साहेब, काळा माणूस काळाच यावा, पण छान यावा, अशी फिल्म पाहिजे. चेहऱ्यावर राख नको. आमच्याकडच्या माणसाच्या कातडीला तांबूस झाक असते, चमक असते, ती दिसायला पाहिजे."

आधी कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी म्हणालं, "गांगुर्डे, दुकान बंद करायचंय का?" आणि हॉल हसला. सावळीरामही हसला. यादव बराच वेळ तसाच उभा राहिला, माइक पुढच्याकडे गेला तरी.

जेवणानंतर हात धुवायच्या नळापाशी त्यानं दिनेशला गाठलं. दिनेश वाईट माणूस नव्हता, त्यानं नीट ऐकून घेतलं. "काका, खरं सांगू? सर्व्हेत एकट्याचं मत म्हणजे मत नसतं, चूक असते. आम्ही ती काढून टाकतो. आणि आताची फिल्म तुम्हीच मागितली होती. शहाण्णवला सगळ्यात जोरात तुम्हीच बोलला होता, मला अजून आठवतंय."

"तेव्हा बोललो होतो. आता हे बोलतोय ना."

"बरं, काढली समजा तुमची फिल्म. स्थळाच्या फोटोंना वापराल? गिऱ्हाइकाला?"

नाही वापरणार, हे दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सिन्नरहून एक आई मुलीला घेऊन यायची होती आणि तिच्यासाठी कॅमेऱ्यात कुठली फिल्म भरायची याचा त्यानं एक क्षणही विचार केलेला नव्हता. त्याला हवी होती ती फिल्म एका मुलीपुरती. अख्ख्या कंपनीनं आपल्या पोरीसाठी कारखाना चालवावा, अशी ती मागणी होती. दिनेशनं रुमालानं हात पुसले आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. बॅग मात्र या वेळी मोठी होती.

मग यादवनं जे करायचं ते एकट्यानं केलं. मुंबईहून ओळखीच्या दुकानदाराकडून संथ, म्हणजे जास्त उजेड पिणारी, महागडी फिल्म मागवली, जाहिरातवाले वापरतात तसली. स्टुडिओचे दिवे लावलेच नाहीत. घरातल्या उत्तरेच्या खिडकीपाशी तृप्तीला बसवलं, बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकून उजेड परतवला, आणि एक अख्खा रविवार घालवला. पावडर लावू दिली नाही. सूर्य सरकेल तशी खुर्ची सरकवत होता. मीनानं दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

लॅबमध्ये तर गंमतच झाली. तिथलं मशीन काळा चेहरा दिसला की आपणहून उजळ करून टाकायचं, तेही बिचारं गिऱ्हाइकाच्याच मताचं. यादव म्हणाला, "डेन्सिटी वाढव." ऑपरेटरनं वळून बघितलं. "काका, बरं आहे ना? इतकी वर्षं कमी कर म्हणत आलात." यादवनं तीनचार प्रिंट फाडून टाकल्या, तेव्हा कुठे मनासारखी निघाली.

तो फोटो ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. खरं म्हणजे पाहणारे फार नाहीतच. त्यात तृप्ती काळीच होती आणि बघत राहावं अशी होती. गालाच्या हाडावर खिडकीचा उजेड पडला होता आणि त्याच्याखाली रंग खोल खोल जात होता. ओठ मिटलेले नव्हते, ती मोकळी हसत होती. तृप्तीनं तो हातात धरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी अशी दिसते?" बाप म्हणाला, "अशीच दिसतेस." आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुली खोट्या करून दिल्या, एक आपली खरी काढली, एवढं तरी साधलं असं त्याला वाटलं. मोठ्या अभिमानानं त्यानं मागे शिक्का मारला.

फोटो घेऊन हिंडायचं काम मीनाच्या भावाकडे, केरूकडे होतं. केरू चांदवडचा, एसटीत कंडक्टर, त्यामुळे तालुक्यातालुक्यात ओळखी. फोटो आधी निफाडला गेला. परत आला. लासलगावला गेला, परत आला. मनमाडच्या लोकांनी तर माहितीचा कागदसुद्धा वाचला नाही. यादव म्हणायचा, "पत्रिका नको, हुंडा नको, मुलगी कमावती, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना सांभाळेल अशी. यांना झालंय तरी काय?" केरू काहीतरी पुटपुटायचा आणि चहा पिऊन निघून जायचा.

एका दुपारी मीनानंच भावाला खडसावलं. "खरं काय ते सांग. तोंड लपवून किती दिवस फिरशील?"

केरूनं कप खाली ठेवला. "दाजी, राग नका मानू. फोटो लय भारी हाय. पण लोकं आधी मागचा शिक्का बघत्यात. गांगुर्डेचा फोटो बारा आणे धरायचा, अशी रीतच पडलीय सगळीकडं. त्यांचं म्हणणं, गांगुर्डेनं उजळ करून करून जर एवढी काळी आली, तर खरी पोरगी केवढी असंल? बघायलाच येत नाय कुणी."

यादवला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं परत आलेला फोटो उलटा करून आपलाच शिक्का बघितला. आपल्या हातानं हे करून ठेवलंय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं ज्या हातानं शिक्के मारले तोच हात मांडीवर पडला होता. "त्यांना सांग ना," तो म्हणाला, "सांग त्यांना, हा तसा नाही. हा खरा आहे म्हणावं."

"सांगितलं की, दाजी. म्हणत्यात, बाप काय दुसरं सांगणार?"

मीनानं कॉलेज रोडच्या एका नव्या स्टुडिओचं नाव काढलं. तिथं आता फिल्मच लागत नव्हती, संगणकावर पाहिजे तसा रंग करून देत होते. तृप्ती दारात उभी होती. ती म्हणाली, "दुसरीकडे कशाला जायचं? पप्पा काढतील. जसे सगळ्यांचे काढतात तसा."

यादवनं मान हलवली नाही, पण तो उठला.

स्टुडिओत तिनं स्वतःच पावडर लावली, मानेपर्यंत. मीनाचा आंब्याच्या रंगाचा शालू नेसून ती स्टुलावर बसली, मागे तोच निळा पडदा आणि प्लॅस्टिकची फुलं. दोन्ही दिवे पुरते उघडले. फिल्म कंपनीची तीच, शहाण्णवला मागितलेली. यादव कॅमेऱ्यामागे वाकला आणि सवयीनं म्हणाला, "थोडं हस."

"हसले तर दात दिसतील, पप्पा. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

तिनं ओठ मिटले. यादवनं बटण दाबलं. एकच फोटो काढला, दुसरा काढायची त्याची छाती झाली नाही.

राखेच्या रंगाची ती मुलगी पाकिटात घेऊन केरू गेला आणि पंधरवड्यातच येवल्याचे लोक बघायला आले. मुलगा बाजार समितीत कारकून, शांत, बरा दिसणारा. तृप्ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा यादवनं मनाची तयारी केली होती. आता हे म्हणतील, फोटोत एक आणि समोर एक, फसवलंत आम्हाला. मुलाची आई तृप्तीकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग तोंडभर हसली.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? गांगुर्डेचा फोटो हाय, बारा आणे धरा. बरोब्बर तेवढीच निघाली पोरगी! आम्हाला पसंत हाय बाई."

सगळे हसले. केरू सगळ्यात मोठ्यानं, कारण त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. यादवलाही हसावं लागलं. तृप्तीनं हातातला ट्रे सरळ धरून ठेवला होता आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. खोट्या फोटोत लोकांनी तिला अचूक ओळखलं होतं. खऱ्या फोटोत ती कुणालाच दिसली नव्हती. मुलाकडच्यांनी पेढा भरवला तेव्हा यादवनं तो गिळला.

लग्न ठरलं, तारीख निघाली, आणि जायच्या आधी तृप्ती आपल्या वस्तू बांधायला बसली. मुलगा भला आहे, आठवड्यातून दोनदा फोन करतो, हे तिनंच आईला सांगितलं होतं, तेव्हा वाईट काहीच नव्हतं. यादव पलंगाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात खिडकीजवळचा तो फोटो होता, सागवानी चौकट करून आणलेला.

"हा घेऊन जा. तिकडं भिंतीवर लाव. रोज बघितला की त्यांनाही कळेल."

तृप्तीनं चौकट घेतली, मांडीवर ठेवून काचेवरून हात फिरवला. मग ती परत बापाच्या हातात दिली.

"नको, पप्पा. तुम्ही काढलाय म्हटल्यावर ते यातलेही चार आणे काढतील." ती साड्यांच्या घड्या ट्रंकेत ठेवायला लागली. "मी समोर उभी असले तरी काढतील."